चुकीच्या बाजूला पडलेली रक्कम

*बाई, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. वय ४३. दर ३१ डिसेंबरला गणपती पेठेतून नवी डायरी आणायची आणि पहिल्या पानावर संकल्प लिहायचे, हा माझा नेम. अशा नऊ डायऱ्या कपाटात आहेत. पहिल्या तीन २०१९ च्या पुरात भिजल्या, मी त्या वाळवून ठेवल्या, पानं अजून फुगलेली आहेत. सगळ्या डायऱ्या संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांत कोऱ्या.*

*गेल्या वर्षी ठरवलं होतं, रोज पहाटे आमराईत चालायचं. सतरा दिवस गेले. मग एक दिवस थंडीनं चुकला, आणि चुकला तो चुकलाच. वजन आठ किलो कमी करायचं होतं, तीन किलो वाढलं. एम.कॉम.चा दुसरा भाग राहिलाय, त्याचा फॉर्मसुद्धा भरला नाही. जूनमध्ये सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. पुढचे सहा महिने घर-पेढी-घर यातच गेले. आता त्या वॉकर धरून तुळशीपर्यंत जातात. धाकट्या बहिणीशी श्रावणापासून बोलणं नाही, पण ते जाऊ दे.*

*एकूण वर्ष वाया गेलं. मैत्रिणी म्हणतात, वर्षाच्या सुरुवातीला आत्मपरीक्षण कर. मी रात्री सगळं आवरून बसते, आणि फक्त स्वतःचा राग येतो. दहावी डायरी घेऊ का? की मी मुळातच कच्ची आहे? तुम्ही वयानं मोठ्या, मला तू म्हणा.*

*— पेढीवरची, सांगली*

(मूळ पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात दिलं आहे.)

तू म्हणते. हक्कानं तसं सांगितलंस, बरं वाटलं.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवलं. हिशेब लिहिणाऱ्या बाईचं पत्र हातात आलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. तुझं पत्र मी समोर कागद घेऊन दोन बाजूंना मांडलं. नावेच्या, म्हणजे खर्चाच्या, बाजूला बंद पडलेलं चालणं, वाढलेलं वजन, न भरलेला फॉर्म, घर-पेढी-घर करण्यात गेलेले सहा महिने. जमेच्या बाजूला काय लिहायचं म्हणून पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तिथे काहीच नाही. आता मला सांग, पेढीच्या वर्षाचा असा ताळेबंद तुझ्यासमोर कुणी ठेवला असता, एका बाजूला खच्चून नोंदी आणि दुसरी बाजू पांढरी, तर तू "पेढी बुडाली" म्हणून रडत बसली असतीस का? तू चष्मा लावला असतास आणि म्हणाली असतीस, "थांबा, कुठंतरी नोंद चुकली आहे."

तेच मी म्हणते. थांब, कुठंतरी नोंद चुकली आहे.

तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा तक्ता, जुळली नाही की चूक शोधायच्या दोन युक्त्या मी पोरांना शिकवायची. तुला त्या तोंडपाठ असतील, इतर वाचकांसाठी लिहिते. पहिली, फरक नऊनं भागला जातो का ते बघा. जात असेल तर बहुधा आकडे उलटे पडलेत. ५८० चे ८५० झाले की फरक २७० येतो. दुसरी युक्ती मला जास्त आवडायची. फरक निम्मा करा आणि तेवढी रक्कम वहीत शोधा. १८४० चा फरक असेल तर ९२० शोधा. सापडली की समजायचं, जमेची रक्कम नावेला पडली आहे. अशी रक्कम दुप्पट फरक पाडते, कारण जिथं हवी तिथं ती नसते आणि जिथं नको तिथं जाऊन बसलेली असते. फळ्यावर हे करून दाखवलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून बघायची.

तुझ्या वर्षात अशी एक मोठी रक्कम आहे. जून ते डिसेंबर.

उतारवयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय, हे तू जवळून पाहिलंस. ऑपरेशन चांगलं झालं तरी पुष्कळ माणसं नंतर पूर्वीसारखी चालत नाहीत. काही तर अंथरुणातून उठतच नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवणं, मग दोन्ही काखांत हात घालून उभं करणं, पडण्याची भीती वाटून त्या घट्ट धरतात तेव्हा आपण न हलणं, मग वॉकर. पुढचं सगळं तू एका वाक्यात उरकलंस: "आता त्या वॉकर धरून तुळशीपर्यंत जातात." पलंगापासून तुळशीपर्यंत किती पावलं होतात, कधी मोजलीस? आमराईतली स्वतःची पावलं मात्र तू मोबाईलवर मोजत होतीस.

हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. जमेला धरण्याजोगं काम तू नावेला टाकलं आहेस, म्हणून फरक दुप्पट दिसतोय. एवढी दुरुस्ती केलीस तरी "वर्ष वाया गेलं" हे वाक्य उभं राहत नाही.

पण याच नोंदीपाशी आणखी एक गोष्ट मला खटकली. सासूबाईंच्या मुलाचा, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा, तुझ्या चार पानी पत्रात एकदाही उल्लेख नाही. कदाचित त्यानं निम्मं केलं असेल आणि ते लिहायचं तुझ्याकडून राहिलं असेल. मग ती नोंद त्याच्या नावावर जमा कर आणि त्याला तसं सांग. कदाचित त्यानं केलंच नसेल. मग ती येणे बाकी आहे. येणे बाकी वसूल करायची असते, आणि त्यासाठी आधी ती कागदावर यावी लागते. मनात ठेवलेली येणी आतल्या आत कुजतात, आणि मग त्याचा राग भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून पोरांवर निघतो. या वर्षात तुला खरंच काही बदलायचं असेल, तर वजनाच्या आधी घरातल्या कामाची ही वाटणी बघ. वेळ कुठून येणार याचं उत्तर तिथंच आहे. पहाटे साडेपाचला आमराईत जायचं तर त्या वेळी घरात सासूबाईंजवळ कोण असेल, हे ठरल्याशिवाय तुझा संकल्प कागदावरच राहणार, तू कितीही निग्रही असलीस तरी.

आता आत्मपरीक्षण कसं करायचं ते.

"रात्री सगळं आवरून बसते, आणि फक्त स्वतःचा राग येतो," असं तू लिहिलंस. अगं, यायचाच. दिवसभर राबून, पाठ मोडलेली असताना, दिवा मालवायच्या बेतात माणूस स्वतःला विचारतं, "मी अशी का?" 'का' नं सुरू होणारा प्रश्न अशा वेळी विचारला की उत्तर शिवी होऊन येतं. तू आळशी, तू कच्ची, तुझं काही खरं नाही. हे आत्मपरीक्षण नाही, ही स्वतःला दिलेली शिक्षा आहे. अमेरिकेतल्या सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. तेच तेच उगाळत बसल्यानं उदासी हटत नाही, उलट लांबते, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं.

पेढीवर तू काय करतेस? व्हाउचर, म्हणजे पुराव्याचा कागद, असल्याशिवाय नोंद घेत नाहीस. "वाया गेलं" याचं व्हाउचर कुठं आहे? ते तुझं मत आहे, आणि मतावर कीर्द, म्हणजे रोजची नोंदवही, लिहीत नाहीत. म्हणून आधी कागद गोळा कर. तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर गेल्या वर्षाचं कॅलेंडर असेलच, जुनं लगेच रद्दीत टाकायची आपल्याकडे रीत नाही. त्याच्या चौकटी बघ. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, डॉक्टरांची तारीख, फिजिओथेरपीवाले येऊन गेल्याच्या खुणा. मोबाईलमधले फोटो महिन्याप्रमाणे बघ. औषधांच्या पावत्या असतील. हे सगळं समोर ठेवून एका साध्या वहीत, दोन रुळांची असली तरी चालेल, प्रत्येक महिन्याला एक पान दे. त्यावर फक्त झालं ते लिही. "जून १४. पडल्या. मी पेढीवर होते. शेजारच्यांचा फोन आला." एवढंच. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही. कीर्दीत आपण कधी "अरेरे" लिहितो का?

जानेवारी ते मे भराभर होईल, त्यात फार काही नाही. जूनपाशी मात्र हात थांबेल. तिथे घाई करू नकोस.

सांगलीशेजारच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, तू पाहिली असशील, निदान पेढीवर जुन्या लोकांकडून ऐकली असशील. कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. वर्षानुवर्षं हळद आत सांभाळून ठेवायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली पुष्कळ गेली. पेव उघडायची एक रीत आहे. तोंडावरची माती काढली की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, तिच्यात प्राणवायू उरलेला नसतो, उतरलेला माणूस जागेवर गुदमरतो. म्हणून तोंड उघडून ठेवतात, हवा खेळू देतात, आणि मगच माणूस उतरतो. जानेवारी आला की संकल्पांचं पेव फुटतं असं आपण सहज म्हणतो. मला तो शब्द वापरताना दर वेळी हरिपूर आठवतं.

जून ते डिसेंबर हे तुझं पेव आहे. एका रात्रीत आत उतरू नकोस. दिवसा बस, रविवारी सकाळी चहानंतर. पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. वेळ झाली की वही मिटायची आणि उठून हात धुवायचे, कुणाशी तरी बोलायचं. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना ओळीनं चार दिवस रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. काय घडलं आणि आत काय वाटलं, दोन्ही. लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेव. त्या दिवशी रडू येईल, ते बिघडल्याचं लक्षण मानू नकोस.

आणि हेही स्पष्ट लिहिते. सहा महिने आजाऱ्याचं करणारं माणूस स्वतः आजारी पडू शकतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास वाटत असेल, कशातच जीव रमत नसेल, तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीतही बोलता येतं. हाड मोडल्यावर मिरजेला नेलंच ना आपण? तसंच हे.

आता त्या अर्ध्या ओळीकडे येते. ती लिहिताना तू बहुतेक पेन उचललंसुद्धा नाहीस.

तुझ्या मूळ पत्रात चालण्यावर अकरा ओळी आहेत, वजनावर सहा, एम.कॉम.वर पाच. धाकट्या बहिणीवर अर्धी. "श्रावणापासून बोलणं नाही, पण ते जाऊ दे." मी एवढी पत्रं वाचली आहेत आजवर. माणसं ज्याच्यापुढे "ते जाऊ दे" लिहितात, ते बहुतेक वेळा गेलेलं नसतं.

फरक सापडत नाही आणि काम तर पुढे न्यायचंय, अशा वेळी आपण काय करतो? सस्पेन्सला टाकतो. तात्पुरतं. त्यात गैर काही नाही, ते खातं त्यासाठीच असतं. पण सस्पेन्स खातं वर्षानुवर्षं पुढे ओढायचं नसतं. कधीतरी बसून, एकेक कागद काढून, ते मिटवावं लागतं. बहिणीला तू सस्पेन्सला टाकलं आहेस. माझ्या मते तुझ्या वर्षाचा खरा फरक तिथं आहे. आठ किलोचं मला फारसं काही वाटत नाही.

काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी अंदाज करणार नाही. एवढंच सांगते, त्या पानावर तारखा शेजारी-शेजारी लिही. ऑपरेशन जूनमध्ये. श्रावण म्हणजे त्यानंतर महिना-दीड महिन्यानं. तेव्हा तू रात्री किती झोपत होतीस? तिच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, ते तुला ठाऊक आहे का? नसेल तर त्या जागी "माहीत नाही" असं लिही. ती रिकामी जागा दिसली की पुढचं आपोआप सुचतं.

माझं सांगते. माझ्या थोरल्या भावाशी मी चार वर्षं बोलत नव्हते. तो तासगावला, मी सांगलीत, मध्ये तासाभराचा रस्ता. आईचे दागिने वाटताना तो माझ्यावर ओरडला, भर माणसांत, हे मी चार वर्षं धरून बसले होते. ज्याला त्याला तेच सांगायची. एकदा डिसेंबरात जुने कागद आवरताना मनात आलं, पोरांना आपण सांगतो, आधी कीर्द लिहा, मग बोला, तर स्वतः लिहून बघावं. तारीख, कोण बोललं, काय बोललं, त्याच क्रमानं. तिसऱ्याच ओळीला पेन थांबलं. वहिनींच्या माहेरावरून निघालेलं एक वाक्य होतं, आणि ते वाक्य माझं होतं. भावाचं ओरडणं चौथ्या ओळीला येत होतं. चार वर्षं मी गोष्ट चौथ्या ओळीपासून सांगत होते.

तरीही मी लगेच गेले नाही. आणखी दोन वर्षं घालवली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. गेले तेव्हा भावाला ऐकू येईनासं झालं होतं. माफी मला ओरडून मागावी लागली. शेजारच्या घरात ऐकू गेली असेल, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनाही गेली. खरं तर ती त्यांचीच मागायची होती. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन पोहे टाकले. त्यानंतर तो भाऊ तीन वर्षं जगला. ती तीन वर्षं मला मिळाली. पाच मिळाली असती.

तू श्रावणापासून म्हणतेस, म्हणजे अजून वर्षही झालेलं नाही. संक्रांत तोंडावर आहे, पण तिळगुळावर हे भागवू नकोस. तिळगूळ आपण गल्लीत सगळ्यांनाच देतो, त्याच्या आड बोलायचं ते राहून जातं. फोन कर, आणि तुझ्या कीर्दीत तुझ्या बाजूचं जे निघेल तेवढंच सांग. तिच्या बाजूचं तिला वाचून दाखवू नकोस. ती काय म्हणेल ते तुझ्या हातात नाही. कदाचित फोन उचलणारही नाही. आठवड्यानं पुन्हा कर.

राहिली डायरी, चालणं आणि एम.कॉम. यावर मला फार लिहायचं नाही.

नव्या वर्षाच्या तारखेला जोर असतो, ते खोटं नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवलं की आठवडा, महिना, वर्ष किंवा वाढदिवस, कसलीही नवी सुरुवात आली की माणसं जास्त उत्साहानं व्यायामाला जातात. आपल्याकडे तर सुरुवातींना तोटाच नाही. १ जानेवारी झाला, गुढीपाडवा येईल, तुझ्या पेढीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होईल, आणि दिवाळीत वहीपूजन आहेच. सुरुवात तुझी कधीच चुकली नाही, नऊच्या नऊ डायऱ्या त्याला साक्ष आहेत. तू अडखळतेस ती पहिल्या खाड्यापाशी. लंडनमध्ये ९६ जणांनी रोजची एक साधी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागले. सगळ्यात लवकर जमलं त्याला १८ दिवस, आणि काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. तुझे आमराईतले सतरा झाले होते. म्हणजे सगळ्यात चपळ माणसालाही जेवढे लागले, तेवढेसुद्धा तू स्वतःला दिले नाहीस, आणि निकाल लावून मोकळी झालीस: "मी कच्ची." त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही. दुधाचा खाडा पडला म्हणून आपण दूधवाला बंद करतो का?

म्हणून दहावी डायरी आत्ता घेऊ नकोस. ती दोन रुळांची वही पुरे, आणि ती आधी गेल्या वर्षासाठी. नवी हळद यार्डात जोरात यायला लागली की तुला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. मग मार्च एंड. जानेवारीचे हे रविवार तुझ्या हातात आहेत, ते जुनं मिटवण्यात घाल. चालायचं असेल तर आमराईपर्यंत जायलाच हवं असं नाही. पेढीवरून परत येताना रिक्षा दोन चौक आधी सोड. खाडा पडला तर वहीत 'खाडा' लिही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोड. एम.कॉम.चं मला पत्रावरून नीट कळलं नाही. ते तुला स्वतःला हवंय, की नऊ वर्षांपूर्वी पहिल्या डायरीत लिहिलं म्हणून दर वर्षी पुढच्या डायरीत ओढलं जातंय? ओढलेली शिल्लक असेल तर सरळ माफीला टाक, अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. हवंच असेल तर या महिन्यात विद्यापीठात फोन करून फॉर्मची तारीख तेवढी विचार, बाकीचं नंतर.

भिजलेल्या तीन डायऱ्या टाकू नकोस. जमलं तर त्या फुगलेल्या पानांवर पहिल्या वर्षी काय लिहिलं होतंस ते बघ. त्या वेळची तू काय मागत होतीस, आणि त्यातलं काय तुला नकळत मिळून गेलंय, ते तपासायला ते कागद बरे पडतील.

आणि एक काम राहिलंय, ते वहीत मावणारं नाही. बँकेचं आपण एकट्या आपल्या रोकडवहीवरून ठरवतो का? त्यांचं पासबुक आणतो, शेजारी ठेवतो, एकेक नोंद टिक करतो. त्यांच्याकडे जमा दिसतं आणि आपल्याकडे लिहायचं राहिलं, असं काहीतरी दर वेळी निघतंच. या रविवारी सासूबाई तुळशीपाशी टेकल्या की त्यांच्या हातात चहा दे, शेजारी बस, आणि विचार: जूनपासूनचं तुम्हाला काय काय आठवतं? म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो, घाई करू नकोस. त्या सांगायला लागल्या की मध्येच "छे, मी काय केलं" म्हणू नकोस. मांडीवर वही ठेव आणि त्या म्हणतील तसं लिहून घे.